स्वतंत्र नळ

४ जून

प्रिय आत्या,

तू जाऊन पंधरा दिवस झाले. पत्राला उशीर झाला, कारण लिहिलेलं प्रत्येक पत्र मला खोटं वाटत होतं आणि मी ते फाडत होते. फोन करावा तर तुझ्याकडे फोन नाही, आणि तू घेणारही नाहीस. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिली, आता कानाला सुट्टी, असं तूच जाताना म्हणालीस.

इकडे सगळं ठीक आहे. बाबा बरे आहेत. आई बरी आहे. आपली खोली तू ठेवून गेलीस तशीच आहे. तुझी कॉट खिडकीशी, माझी भिंतीशी. तुझ्या कॉटवरची चादर मी नेमाने बदलते. तिच्यावर कोणी झोपत नाही, पण धूळ तर बसते.

छापखान्यात सध्या माझ्याकडे शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकाची प्रुफं आहेत. लेखकाने सगळीकडे ‘स्वातंत्र’ लिहिलंय. आज दिवसभर मी देशाला ‘य’ देत बसले होते. धड्यात तारखा आहेत, सभा आहेत, पुढाऱ्यांची चित्रं आहेत, पण लहान मूल एकही नाही. तेव्हा तू आणि बाबा लहान होतात. तुला त्यातलं काय आठवतं? बाबांना विचारणार होते, पण सध्या त्यांना काही विचारायला नको वाटतं.

बाबा म्हणतात, महिनाअखेर टेम्पो घेऊन तुला आणायला येणार. तोवर तुझी हौस फिटलेली असेल, असं त्यांचं म्हणणं. तुझं काय म्हणणं आहे ते कळव.

तुझी
टिंब

शुद्धिपत्र (लिहून झाल्यावर चूक दिसली तर खाडाखोड करायची नाही, खाली नीट लिहायची, हे तूच शिकवलंस) :
‘बाबा बरे आहेत’ च्या ऐवजी ‘बाबा आजकाल जेवताना अजिबात बोलत नाहीत’ असे वाचावे.


९ जून

प्रिय टिंब,

तुझं शुद्धिपत्र आधी वाचलं, मग पत्र. तुझी पत्रं खालून वर वाचावीत हे मला तू सहा वर्षांची असल्यापासून माहीत आहे. आजारपणामुळे शाळा नाही, म्हणून मी ड्यूटीवरून येऊन तुला अक्षरं शिकवायचे आणि तू एकेका अनुस्वारावर रडायचीस, की इथे टिंब द्यायचं राहिलं तर त्या शब्दाला वाईट वाटेल का. तेव्हापासून तू टिंब.

खोली चांगली आहे. खाली सायकलचं दुकान, बाजूने लाकडी जिना, वर आलं की पहिलं दार माझं. एक खिडकी, एक कॉट, माझी ट्रंक, एक खुर्ची. कोपऱ्यात मोरी आणि मोरीत नळ. तो नळ फक्त माझा आहे. पहिल्या दिवशी मी तो उघडला, बंद केला आणि काही काम नसताना पुन्हा उघडला.

तू विचारलंस म्हणून सांगते. मला पुढारी आठवत नाहीत, नळ आठवतो. आम्ही राहायचो त्या इमारतीत दोन्ही मजल्यांवर बिऱ्हाडं गच्च भरलेली, आणि खाली अंगणात सगळ्यांना मिळून एक नळ. पाण्याला मी आणि दादा जायचो. त्या दिवशी शाळेत बाईंनी सांगितलं, आजपासून आपण स्वतंत्र. आता मला ‘स्वतंत्र’ हा शब्द चांगला ठाऊक होता. मोठी माणसं सारखी म्हणायची, अमक्याला स्वतंत्र खोली मिळाली, तमक्यांकडे नळसुद्धा स्वतंत्र आहे, नशीब लागतं. म्हणजे ज्यात दुसरा वाटेकरी नाही ते स्वतंत्र. मी कागदाचा झेंडा वेणीत खोचला, बादली उचलली आणि सगळी रांग ओलांडून नळाखाली नेऊन ठेवली.

शिंपीणकाकू म्हणाल्या, “काय गं, रांग दिसत नाही का?”

मी म्हटलं, “आम्ही आता स्वतंत्र आहोत.”

“बाई गं, स्वतंत्र आम्हीपण झालोय. मागे हो.”

दादा रांगेच्या शेवटी उभा होता. तो इतका हसला की त्याच्या हातातली कळशी गडगडत गेली. नंतर वर्षानुवर्षं आमच्या इमारतीत कोणी पुढे घुसलं की लोक म्हणायचे, “आला बघा स्वतंत्र.”

आमचं सगळं लहानपण ‘येणार आहे’ या दोन शब्दांत गेलं, टिंब. वीज येणार आहे. पक्का रस्ता येणार आहे. गल्लीत दवाखाना येणार आहे. आणि त्यातलं बरंचसं आलं. उशिरा आलं, वाकडंतिकडं आलं, पण आलं. माझा नळ जरा जास्तच उशिरा आला, एवढंच.

खोली तशीच ठेवली आहे हे तुला दादाने लिहायला लावलं का? त्याला सांग, बोलायचं असेल तर सरळ मला लिही. मधे ऑपरेटर कशाला हवा?

तुझी
आत्या


१५ जून

प्रिय आत्या,

बाबांनी काही लिहायला लावलेलं नाही. ते वाक्य माझंच होतं. मला वाटलं, खोली तुझी वाट बघतेय हे कळलं तर तुला बरं वाटेल. ते दटावणीसारखं वाचता येईल हे माझ्या लक्षात आलं नाही. आता ते पत्र मनात पुन्हा वाचते तर मलाही तसंच वाटतं.

काल जेवताना बाबांची आणि आईची पंख्याच्या दुरुस्तीवरून जुंपली. तू असतीस तर एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉलवाल्यांना विचारायचीस त्या आवाजात म्हणाली असतीस, “तीन मिनिटं झाली, पुढे चालू ठेवायचं का?” आणि दोघं हसली असती. कोणी म्हणालं नाही, त्यामुळे चालूच राहिलं. शेजारच्या वकीलकाकांनी बाबांना विचारलं, “बहीणबाई दिसत नाहीत?” बाबा म्हणाले, “सोडून गेली.” हे ते सगळ्यांना सांगतात. एवढंच, पुढे काही नाही. मग लोक आईकडे बघतात, आणि आई माझ्याकडे.

आत्या, तू का गेलीस हे मला माहीत आहे. मे महिन्यात एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आईला म्हणाले होते, की मला एक स्वतंत्र खोली असती तर प्रुफं घरी आणून तपासता आली असती. दार उघडं होतं. तू बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होतीस. त्यानंतर आठवडाभरात तू खोली शोधलीस. मी मनात हे पुन्हा पुन्हा जुळवून पाहिलंय आणि प्रत्येक वेळी ते जुळतं.

म्हणून मी माझं टेबल हॉलमध्ये हलवलंय, मीही तिथेच झोपते. खोली आता पूर्ण तुझी आहे. तू परत ये. बाबा अठ्ठावीस तारखेला टेम्पो ठरवतायत.

तुझी
टिंब

शुद्धिपत्र :
‘तू परत ये’ च्या ऐवजी ‘तू माझ्यामुळे गेली नाहीस असं सांग’ असे वाचावे.


२० जून

टिंब,

टेबल आधी खोलीत नेऊन ठेव. मग पुढचं वाच.

ठेवलंस? हो, मी ऐकलं होतं. अख्खी हयात दुसऱ्यांची बोलणी कानावर घेतली, स्वयंपाकघरातलं एक वाक्य सुटेल होय? पण ऐकून मला काय वाटलं हे तू मला न विचारताच ठरवून टाकलंस. मला आनंद झाला. हातात दादाचा शर्ट होता, तो घेऊन मी उभीच राहिले. म्हटलं, ही पोरगी चोविसाव्या वर्षी जे सरळ बोलून दाखवते ते मला पन्नाशी उलटली तरी तोंडातून काढता आलेलं नाही. तुझ्यामुळे गेले का, तर हो. पण तू समजतेस तसं नाही. तू वाट दाखवलीस.

आता दुसरी गोष्ट. नळाचा तो प्रकार झाला त्या संध्याकाळी दादाने जिन्याखाली फरशीवर खडूने घर काढलं. आठ वर्षांचा होता. म्हणाला, “धाकटे, मी मोठा झालो की आपलं स्वतंत्र घर बांधणार. ही आईबाबांची खोली, ही माझी, ही तुझी.” माझ्या खोलीत त्याने नळसुद्धा काढला होता. मोठा होऊन तो नकाशेच काढायला लागला, आणि त्याने खरंच घर बांधलं, आणि त्यात खरंच माझी खोली होती. कागदावर अजून आहे. पण आम्ही राहायला गेलो त्याच वर्षी तू झालीस. तुझी छाती सारखी भरायची, कोणीतरी सतत जवळ हवं होतं. तुझा पाळणा माझ्या खोलीत आला आणि मग राहिलाच. मला त्याची एक दिवसही खंत वाटलेली नाही, हे वाक्य शुद्धिपत्राशिवाय वाच. पण खडूने काढलेलं ते घर माणूस विसरत नाही, हेही तितकंच खरं.

दादाला सांगू नकोस, पण मी इथे काम धरलंय. दुपारची असते बसस्टँडवर, चौकशीच्या खिडकीमागे काचेची खोली आहे तिथे. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माइकवरून सांगते. एक्स्चेंजमध्ये एका वेळी एकाच माणसाशी बोलायचे, इथे अख्ख्या स्टँडशी. कळलं तर दादा म्हणेल, घरात काय कमी होतं?

आणि एक सांगते. अठ्ठावीस तारखेची मला भीती वाटते. मी दादाला कधी ‘नाही’ म्हटलेलं नाही. गरजच पडली नाही, तो नेहमी चांगलंच काहीतरी देत आला. त्याने टेम्पो दारात उभा केला आणि नुसतं “चल” म्हणाला, तर मी काय करेन ते माझं मलाच माहीत नाही. माझं सगळं सामान तासाभरात भरून होईल, पण ही खोली मला सोडायची नाहीये.

तुझी
आत्या


२९ जून

प्रिय आत्या,

टेबल तुझं पत्र वाचायच्या मधेच नेऊन ठेवलं. एक पाय दाराच्या चौकटीला घासला, रंग गेलाय, तो मी लावून घेईन.

काल काय झालं? इथे कोणी काही सांगत नाही. परवा रात्री जेवताना मी बाबांना म्हणाले, “टेम्पो काय, कधीही मिळेल. आधी एकटे जाऊन बघून या.” ते म्हणाले, “बघायचंय काय त्यात?” पण सकाळी टेम्पोवाल्याला नको म्हणून निरोप गेला, आणि ते इस्त्रीचा शर्ट घालून अकराच्या बसने निघाले. रात्री परत आले. आईने विचारलं, “भेटली का?” “भेटली.” “कशी आहे?” “आवाज चांगला आहे,” म्हणाले. आई माझ्याकडे बघत राहिली, मी ताटाकडे.

मग त्यांनी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड काढायला लावला. निवृत्त झाल्यापासून तो कोणी काढला नव्हता. पुसला, कागद लावला, आणि तेव्हापासून ते त्याच्यावर वाकून बसलेत. मी जवळ गेले की कागदावर हात ठेवतात. मला वाटतं, गच्चीवर तुझ्यासाठी नवी खोली काढायचा बेत आहे, नळासकट. म्हणजे त्यांनी तुला न्यायचं सोडलेलं नाही, नुसतं पुढे ढकललंय. तसं असेल तर मला आधी सांग, मी त्यांच्याशी बोलेन. कसं बोलेन ते माहीत नाही, पण बोलेन.

मी त्यांना तुझ्या कामाबद्दल काही सांगितलं नाही.

तुझी
टिंब

शुद्धिपत्र :
‘काही सांगितलं नाही’ च्या ऐवजी ‘बसमधून उतरल्यावर लगेच बाहेर पडू नका, स्टँडवरच्या बाकावर जरा बसा, एवढंच सांगितलं’ असे वाचावे.


३ जुलै

प्रिय टिंब,

तरीच.

झालं ते असं. दुपारी माइक सुरू केला, दोन-तीन गाड्या सांगितल्या आणि काचेतून सहज बाहेर पाहिलं, तर समोरच्या बाकावर दादा. बरोबर स्पीकरखाली. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, मान वर. तो मला बघत नव्हता, स्पीकरकडे बघत होता. एक्स्चेंजमध्ये मी इतकी वर्षं काढली, पण दादाने मला काम करताना कधी ऐकलं नव्हतं. घरून फोन करायची वेळच आली नाही, कारण मी संध्याकाळी घरी असायचेच.

मी माइकचं बटण दाबलं. सांगायचं होतं की चार नंबरच्या फलाटावरची गाडी सुटतेय. आणि माझ्या तोंडून निघालं, “तीन मिनिटं झाली, पुढे चालू ठेवायचं का?”

अख्खा स्टँड थांबला. चार नंबरचा कंडक्टर गाडीतून खाली उतरला आणि घड्याळ बघायला लागला. एक आजोबा म्हणाले, “चालू ठेवा की, आमचं काय जातंय.” आणि दादा हसला. नळाशी हसला होता तसाच, खांदे हलवून. फक्त या वेळी त्याच्या हातात कळशी नव्हती.

माझी वेळ संपेपर्यंत तो तिथेच बसला. मग आम्ही चालत खोलीवर आलो. खुर्ची एकच, ती त्याला दिली, मी ट्रंकेवर बसले. त्याने भिंतींकडे पाहिलं, खिडकी उघडून पाहिली, वितीने कॉट मोजली. मी आपली ‘चल’ या शब्दाची वाट बघत होते. उत्तर पाठ करून ठेवलं होतं. मग तो उठून मोरीत गेला आणि त्याने नळ सोडला. बराच वेळ धारेखाली बोटं धरून उभा राहिला.

“दाब चांगला आहे,” म्हणाला.

“हो.”

“तुझा एकटीचा?”

“माझा एकटीचा.”

“स्वतंत्र?”

“स्वतंत्र.”

त्याने नळ घट्ट बंद केला, हात रुमालाला पुसले. म्हणाला, “माझ्या घरात तुला हा मिळाला नाही.” मी म्हटलं, “दादा, तुझ्या घरात मला टिंब मिळाली. नळ बाहेर मिळतो.” टेम्पोचा विषय त्याने काढलाच नाही, म्हणून मीही काढला नाही. पाठ केलेलं उत्तर अजून माझ्याकडे तसंच आहे.

निघताना दारात थांबला आणि म्हणाला, “हे दार आत उघडतं, होय ना?” मी म्हटलं, “बघतोयस ना, आतच उघडतं.” कशाला विचारलं कोण जाणे. तू म्हणतेस त्या बोर्डावर काय चाललंय ते मलाही कळत नाही. गच्चीवर खोली असेल, तर ती तुझ्यासाठी माग. मी इथेच राहणार आहे. बघ, लिहिलं की मी. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं.

तुझी
आत्या


८ जुलै

प्रिय आत्या,

गच्चीवरची खोली नाही. मी चुकीचं वाचलं होतं.

काल बाबांनी कागदावरचा हात काढला. ती तुझी खोली आहे. वितीने घेतलेली मापं त्यांनी डोक्यात ठेवून आणली होती. खिडकी, कॉट, मोरी, नळ, ट्रंक, एक खुर्ची, सगळं जागच्या जागी, आणि दार आत किती वळतं ते दाखवणारी कमान. त्या कमानीच्या पलीकडे, दार पूर्ण उघडलं तरी धक्का लागणार नाही अशा जागी, तुटक रेघांनी आणखी एक खुर्ची काढली आहे. तिच्यावर लिहिलंय, ‘नियोजित’. मी विचारलं, “नियोजित म्हणजे?” बाबा म्हणाले, “म्हणजे येणार आहे.” खाली त्यांच्या त्या ठोकळ्यासारख्या अक्षरांत शीर्षक आहे : ‘स्वतंत्र खोली. राहणार : धाकटी.’ शुद्धलेखन बरोबर आहे, मी दोनदा पाहिलं.

खुर्ची म्हणजे बाबांची ती उंच पाठीची, जिच्यावर बसून त्यांनी आपल्या घराचा नकाशा काढला होता. आई म्हणाली, “मग घरी कशावर बसाल?” बाबा म्हणाले, “बसायचं असेल तेव्हा तिकडे जाईन.”

रविवारी दुपारच्या गाडीने आम्ही दोघं येतो आहोत. बाबा खुर्ची टपावर टाकायला तयार नाहीत, कंडक्टर आत घ्यायला तयार होणार नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी इथल्या फलाटावर थोडं भांडण ‘नियोजित’ आहे. पोचल्यावर तुझ्याच आवाजात ऐकायचंय की आमची गाडी लागली.

तुझी कॉट मी खिडकीशीच ठेवली आहे, तू पाहुणी म्हणून येशील तेव्हासाठी. काल रात्री खोलीचं दार आतून लावून पाहिलं. प्रुफं पुढ्यात घेऊन बसले, पण पहिल्या पानावर लक्षच लागेना, म्हणून उठून दार उघडलं. मग पुन्हा लावलं. आता सवय होईल असं वाटतं. इतिहासाचं पुस्तक छपाईला गेलं, सगळे ‘य’ घालून. धड्यात अजूनही लहान मूल नाही, पण ते माझ्या हातात नव्हतं.

तुझी
टिंब

शुद्धिपत्र :
माझ्या पत्रात एकही चूक सापडली नाही. दोनदा शोधलं. पण बाबांनी पत्र वाचायला मागितलं आणि पेन्सिलही मागितली. पुढचं त्यांच्या हातचं आहे :

मी सगळ्यांना सांगितलेल्या ‘सोडून गेली’ च्या ऐवजी ‘राहायला गेली’ असे वाचावे. – दादा